एप्रिलमध्ये हीटर

मुंबईत गाडीचा हीटर कोण लावतो? अकरा वर्षांत आमच्या गाडीतली ती खुंटी लाल पट्ट्याकडे एकदाही फिरली नव्हती. आणि नेमकी तिनेच यंदा मला वाचवलं.

एप्रिलमध्ये वॉटर पंप गळायला लागला, म्हणून गॅरेजमध्ये पंप आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बदलून घेतला. दुसऱ्याच दिवशी एलबीएस रोडवर, कांजूरच्या सिग्नलला टेम्परेचरचा काटा सरसर वर चढला. गाडी कडेला घेऊन बंद केली. खाली एक थेंब नाही, बॉनेटखालच्या बाटलीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बरोबर खुणेपर्यंत. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, सेन्सर गेला असेल, टाकून देऊ नवीन.

गाडी थंड करत करत भांडुपला आणली. आमच्या तळमजल्यावरचे काका बेस्टच्या डेपोत फिटर होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालू कर. हीटर लाव, फुल."

"काका, घामाने भिजलोय."

"लाव रे."

काटा अर्ध्याच्या वर गेला, तरी हीटरमधून साधीच हवा. इंजिन जरा रेझ केलं की डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज, माठातून तांब्या भरावा तसा. काका म्हणाले, "इंजिन तापलंय आणि हीटर थंड. हीटरला ऊब इंजिनच्याच पाण्याची, म्हणजे पाणी तिथवर पोचतच नाहीये. हवा अडकलीय." पंप पाणी ढकलतो, हवा त्याला ढकलता येत नाही. शिवाय सेन्सरपाशी बुडबुडा आला की काटाही भलतंच काही दाखवतो.

इंजिन पूर्ण थंड व्हायला हवं म्हणून काम सकाळवर टाकलं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं, हे काकांनी तीनदा बजावलं.

सकाळी सहाला सोसायटीच्या रॅम्पवर गाडी नाक वर करून लावली, मागच्या चाकांना विटा. हवा वर जाते, मग रेडिएटरचं तोंडच सगळ्यात उंच ठेवायचं, एवढी साधी गोष्ट. झाकण उघडलं तर कूलंट दिसेना! बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा. घरातलं रॉकेलचं जुनं नरसाळं धुऊन आणलं होतं, त्यातून तयार मिक्स केलेलं हिरवं कूलंट बारीक धारेने ओतत गेलो.

हीटरच्या होजवर, म्हणजे रबरी नळीवर, एक छोटा प्लास्टिकचा स्क्रू असतो, हवा काढायचा. सगळ्याच गाड्यांना नसतो, आमच्या गाडीला आहे. त्याच्यावरची धूळ जशीच्या तशी होती, म्हणजे गॅरेजमध्ये कुणी बोटही लावलं नव्हतं. दोन आटे ढिला केला तर आधी फुस्स, मग फेस, मग थुंकल्यासारखं थोडं थोडं, आणि शेवटी सलग धार. धार आली की बंद. काकांनी तो स्वतः आवळला. माझ्या हाताने प्लास्टिकचे आटे गेले असते.

मग इंजिन चालू, एसी बंद, हीटर फुल, झाकण उघडंच. नरसाळ्यात एकेक बुडबुडा फुटत होता. दहाबारा मिनिटांनी पातळी एकदम खाली गेली, कुणी घोट घेतल्यासारखी. थर्मोस्टॅट उघडला होता. खालचा होज आता गरम लागत होता. काका फडकं धरून वरचा होज दाबत-सोडत राहिले, मी ओतत राहिलो. फॅन आपोआप सुरू होतो, त्यामुळे बोटं लांब. तो दोनदा फिरून थांबला, तोवर बुडबुडेही संपले होते. एकूण जवळजवळ सव्वा लिटर आत गेलं. सेन्सर बदलत बसलो असतो तर!

रॅम्पवर थोडं सांडलं, तिथे सोसायटीची मांजर आली. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. तिला हाकललं आणि चार बादल्या पाण्याने रॅम्प धुतला. सेक्रेटरींना वाटलं मी गाडी धुतोय, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी दोन बोटं उतरलेली होती, ती भरली. तिसऱ्या दिवशी हलली नाही. मग भर दुपारी काकांना घेऊन घाटकोपरपर्यंत गेलो. गर्दीत पाऊण तास, काटा मधोमध. हीटरमधून अशी झळ येत होती की काकांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली. विक्रोळीला मी बंद करायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे, परत येईपर्यंत बघू."