जुना स्कोप घेताना मी काय बघते

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. पर्समध्ये एक प्रोब (सर्किटला टेकवून सिग्नल स्कोपमध्ये आणणारी टोकदार वायर) आणि छोटी टॉर्च असल्याशिवाय मी जुना स्कोप बघायला जात नाही. विकणाऱ्याकडे प्रोब नसतोच. पुण्यात हे स्कोप बाजारात येतात ते बहुतेक भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांच्या टेस्टिंग विभागांतून आणि कॉलेजांच्या मोडीत निघालेल्या लॅबमधून. तिथून भंगारवाल्यांकडे जाईपर्यंत प्रोब एकीकडे, कव्हर दुसरीकडे, मॅन्युअल रद्दीत, अशी पांगापांग झालेली असते. मंगळवार पेठेत बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही एखादा दिसतो, पण जमिनीवर मांडलेल्या मालाला तिथे प्लग कुठून मिळणार? तिथून मी बीएनसी केबल, नॉब, काट्याचे मीटर घेते. स्कोप लावून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, यावर मी ठाम आहे.

‘लावून बघणं’ म्हणजे किती, यावर मात्र घासाघीस होते. "मॅडम, लाइट लागतोय ना, म्हणजे चालू आहे," असं भोसरीतल्या एका दुकानदाराने मला सांगितलं. मी म्हटलं, "दादा, वीस मिनिटं चालू राहू द्या, मग भावाचं बोलू." त्यांनी स्टूल दिलं, चहा मागवला. ही वीस मिनिटं फार मोलाची. गार असताना ठीक चालणारा आणि गरम झाल्यावर ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, वर-खाली सरकवणारा स्कोप त्यातच ओळखू येतो.

चालू करायच्या आधी टॉर्च. स्क्रीनवर तिरपा उजेड टाकला की फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा लेप, जळलेला आहे का ते दिसतं. लॅबमधल्या स्कोपवर कुणीतरी इंटेन्सिटी पूर्ण वाढवून आडवी रेघ तासन्‌तास तशीच सोडलेली असते, आणि मधोमध तपकिरी पट्टा उमटलेला असतो. पिक्चर ट्यूब बदलून मिळत नाही, त्यामुळे तसा स्कोप मी पार्टसाठीसुद्धा विचार करूनच घेते. मग ट्रेस. इंटेन्सिटी अर्ध्यावर असताना रेघ बारीक आणि स्वच्छ दिसली, फोकस फिरवल्यावर दोन्ही बाजूंना बिघडून मध्ये जुळली, तर ट्यूबमध्ये अजून दम आहे. सगळं शेवटपर्यंत पिळल्यावर जेमतेम दिसणारी रेघ म्हणजे संपत आलेली ट्यूब.

यानंतर मी प्रोबच्या टोकाला बोट लावते. घरभर पसरलेली ५० हर्ट्झची मेन्स (घरातली वीज) आपल्या अंगातून प्रोबमध्ये येते. टाइमबेस, म्हणजे आडव्या दिशेचं वेळेचं माप, ५ मिलिसेकंद प्रति चौकोन ठेवला, तर एक आवर्तन बरोबर चार चौकोनांत बसलं पाहिजे. मग पुढच्या पॅनेलवरच्या कॅलिब्रेटरची, म्हणजे तपासणीसाठी स्कोप स्वतःच देतो ती, १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर, ०.५ मिलिसेकंदवर दोन चौकोनांत एक आवर्तन. दोन्ही चॅनेल, व्होल्ट्सचा प्रत्येक टप्पा, टाइमबेसचा प्रत्येक टप्पा, आणि लहर पडद्यावर स्थिर धरणारा ट्रिगर, सगळं तपासायचं. स्विच फिरवताना ट्रेस उडाला तर घाबरायचं नाही, ती बहुतेक घाण असते. एखाद्या टप्प्यावर काहीच आलं नाही तर मात्र भाव पाडायचा.

कोणता घ्यावा? नवशिक्यांना मी इंदूरच्या सायंटिफिक कंपनीचा २० मेगाहर्ट्झचा (म्हणजे साधारण तेवढ्या वेगापर्यंतच्या लहरी दाखवणारा) एचएम २०३ सुचवते. आपल्याकडच्या कॉलेजांनी हे भरपूर घेतले होते, त्यामुळे मिळतात आणि आत हात घालायला सोपे आहेत. ऑडिओ, रेडिओ, पॉवर सप्लाय यांना तेवढं पुष्कळ. माझ्याकडे येणारं काम बहुतेक असंच असतं: तबला-पेटीच्या क्लासचा घूं करणारा अँप्लिफायर. तिथे स्कोप एका नजरेत सांगतो. गुणगुण १०० हर्ट्झची असेल तर एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजनंतरचा फिल्टर कपॅसिटर सुकलेला, ५० ची असेल तर ग्राउंड किंवा शील्डिंगमध्ये घोटाळा. कानाला हा फरक ओळखायला सराव लागतो, डोळ्याला लागत नाही.

माझा जीव मात्र टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ४६५ या स्कोपवर आहे. १९७२ साली आलेला, १०० मेगाहर्ट्झचा, दहा किलोच्या आसपास वजनाचा. अँप्लिफायरच्या लहरीच्या टोकावर बसलेलं बारीक ऑसिलेशन २० मेगाहर्ट्झवर नुसतं जाडसर रेघेसारखं दिसतं, इथे ते उलगडून दिसतं. शिवाय त्याचं सर्व्हिस मॅन्युअल. प्रत्येक सर्किट, प्रत्येक टेस्ट पॉइंटवर काय व्होल्टेज हवं, तिथली लहर कशी दिसायला हवी, सगळं छापलेलं. आतले पार्टही बहुतेक सुटे, नावानिशी ओळखता येणारे. म्हणून पन्नास वर्षांनंतरही हा स्कोप घरच्या टेबलावर दुरुस्त होतो. आजचा डिजिटल स्कोप मीही वापरते, पण तो बिघडला तर त्याचं सर्किट मला कुणी देणार नाही.

घरी आणलेला ४६५ सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावायचा नाही. आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर २३० वर आहे ना ते बघायचं, बाहेरून आलेले कित्येक पीस ११५ वर असतात. मग १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे स्कोपला जाणारी वीज त्या बल्बमधून जाईल असा. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत मेन्सच्या बाजूला शॉर्ट आहे, लगेच बंद. लालसर राहिला तर बल्ब काढून पुढे जायचं आणि मल्टीमीटरने आतले पाच डीसी सप्लाय मोजायचे: ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट. सुरुवात ५५ पासून, कारण बाकीच्यांचा आधार तोच आहे.

माझ्या पीसमध्ये बल्ब ठीक होता, पण १५ व्होल्टच्या जागी जवळजवळ शून्य. वयापरत्वे टॅन्टलम कपॅसिटर शॉर्ट होतात, हे या पिढीच्या सगळ्याच उपकरणांत भेटतं. प्रश्न एवढाच की डझनावारी कपॅसिटरांतला नेमका कोणता? एकेक उपटून बघितलं तर बोर्डाचे ट्रॅक निघून येतात. मी स्कोप बंद करून त्या रेलवर (१५ व्होल्टच्या सप्लाय लाइनवर) बाहेरून करंट-लिमिट लावलेल्या सप्लायने थोडा करंट सोडला आणि मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून ट्रॅकवर पुढे पुढे सरकत गेले. शॉर्टकडे जाताना आकडा उतरत जातो, शॉर्ट ओलांडला की उतरायचा थांबतो. तो जिथे थांबला तिथे थेंबाच्या आकाराचा एक इवलासा कपॅसिटर होता. बाहेरून अगदी नवा दिसणारा! तो काढला आणि रेल मोकळी झाली. जागी जास्त व्होल्टेजचा बसवला, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, काही रुपयांत मिळतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. ४६५ च्या ट्यूबला एकूण १८ किलोव्होल्टच्या आसपास दाब मिळतो आणि स्कोप बंद केल्यावरही चार्ज राहतो, तेव्हा त्या भागात हात घालायचा नाही. दुसरं, प्रोबची ग्राउंड क्लिप थेट मेन्सच्या अर्थला जोडलेली असते. एसएमपीएसच्या (चार्जर, कॉम्प्युटरमधल्या स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरीला, म्हणजे मेन्सला जोडलेल्या बाजूला, ती लावली की भडका. यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका, कारण मग स्कोपची सगळी धातूची बॉडीच मेन्सवर जाते. मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा तो दुरुस्तीच्या वस्तूला, स्कोपला नाही.

राहिली देखभाल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते. त्या दिवसांत मी दर आठवड्याला स्कोप तासभर चालू ठेवते, त्याच्याच उष्णतेने आतला दमटपणा निघून जातो. प्लॅस्टिकचं कव्हर गुंडाळून कपाटात ठेवू नका, आत पाणी धरतं. सुती कापड पुरे.

अटेन्युएटरच्या, म्हणजे व्होल्ट्सचा टप्पा बदलणाऱ्या, कॅम स्विचवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारू नका. तिथे सोन्याचा मुलामा दिलेल्या नाजूक पट्ट्या असतात, त्या एकदा वाकल्या की सरळ होत नाहीत. साध्या कागदाची बोटभर पट्टी कापायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करायची, कॉन्टॅक्टखाली सरकवायची, स्विच त्यावर बंद करायचा आणि पट्टी अलगद ओढायची. पहिली काळी निघते, दुसरी राखाडी. कोरी निघेपर्यंत करायचं, मग तो टप्पा फिरवताना ट्रेस उडत नाही.