तुम्ही विचारलंत म्हणून: प्रयोगशाळा नसताना प्रयोग कसे घेता?

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे बहुतेक नवीन रुजू झालेले. "मॅडम, शाळेत प्रयोगशाळा नाही, साहित्याची पेटी कपाटात, कपाटाची चावी कुणाकडे ते माहीत नाही. सहावी-सातवीच्या लेकरांना भौतिकशास्त्र हाताने करून शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

त्यांना साहित्याची यादी हवी असते. माझ्याकडे यादीपेक्षा एक अट आहे. कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी प्रत्येकाने काय होईल ते वहीत लिहायचं, आणि पेनाने लिहायचं. पेन्सिलने लिहिलं की लेकरं नंतर गुपचूप खोडतात आणि "मला माहीतच होतं" म्हणतात.

अंदाज न लिहिता केलेला प्रयोग म्हणजे जादूगाराचा खेळ. टाळ्या पडतात, डोक्यात काही राहत नाही. विज्ञान सोपं करून सांगणाऱ्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी आपण सगळेच दाखवतो, आणि ती आहेतच तशी. पण पुष्कळ वर्गांत गुरुजी टेबलामागे उभे राहून खेळणं फिरवतात आणि चाळीस लेकरं हाताची घडी घालून बघतात. ते खेळणं लेकरांनी करायचं, मोडायचं, परत करायचं म्हणून होतं.

सोप्यात सोपं उदाहरण झोक्याचं. दोऱ्याला दगड बांधून लिंबाच्या फांदीला लटकवायचा. जड दगड लावला तर झोका लवकर होईल की उशिरा? जवळजवळ अख्खा वर्ग "लवकर" लिहितो. मग मोजायचं. एक मीटर दोरा असेल तर दहा झोक्यांना (जाऊन परत आला की एक झोका) वीस सेकंद लागतात. दगड सुपारीएवढा असो की नारळाएवढा, आकडा हलत नाही (दोरा दगडाच्या मध्यापर्यंत मोजा, नाहीतर वाद होतो). आता वेळ निम्मी करायची तर दोरा किती ठेवायचा? सगळे अर्धा मीटर म्हणतात. लागतो पाव मीटर. सूत्र सातवीत सांगायची गरज नाही. दोरा कापून कापून पंचवीस सेंटिमीटरवर पोचलेलं लेकरू नववी-दहावीत त्या वर्गमुळाला घाबरत नाही.

पण खरी मजा पाण्याची आहे. मराठवाड्यातल्या लेकरांना पाणी वर कसं येतं हे शिकवायचं म्हणजे मासळीला पोहायला शिकवण्यासारखं वाटतं, आणि तिथेच ती अडकतात. मी विचारते, "विहिरीवरची मोटार काठावर का नसते? आत खाली ओट्यावर का बसवतात? उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की अजून खाली का उतरवतात?" कुणीतरी म्हणतं, "मॅडम, वर ठेवली की हवा धरती." बरोबर. "मग बोअरची मोटार?" "ती बुडवूनच सोडतेत." तेही बरोबर. पण का, हे घरात कुणी सांगितलेलं नसतं, कारण घरात ते विचारायची गरज पडत नाही. मोटार चालते ना, झालं.

मग काचेची बाटली घ्यायची, पाण्याने काठोकाठ भरायची. बुचाला भोक पाडून त्यातून पेनाची रिकामी नळी आत सोडायची आणि भोवती घट्ट कणीक लिंपायची, हवा जायला तसूभर जागा नको. आता ओढा पाणी. वर्गातला सगळ्यात धट्टाकट्टा गडी पुढे येतो, गाल आत जातात, डोळे बाहेर येतात, पाणी येत नाही. मग बुचाला दाभणाने दुसरं भोक पाडायचं. आता पहिलीतलं पोरगंसुद्धा पाणी ओढतं. इतका वेळ आपण पाणी ओढतो असं वाटत होतं. पाणी ढकलत होती ती बाहेरची हवा, आणि तिला आत यायला वाट नव्हती. बाटली काचेचीच हवी. प्लास्टिकची पिचकते, थोडं पाणी येतं आणि सगळा मुद्दा वाया जातो.

यानंतर गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी. एक टोक खाली बादलीत, दुसरं जिन्यावर उभ्या असलेल्या लेकराच्या तोंडात. पायरी पायरी वर चढत जायचं आणि पाणी कुठवर पोचलं तिथे भिंतीवर खडूची रेघ मारायची. कुणाची रेघ कमरेला, कुणाची डोक्याच्या वर. मग विचारायचं, "तुमच्या जागी मोटार असती तर रेघ कुठवर गेली असती?" लेकरं म्हणतात, स्लॅबवर, पाण्याच्या टाकीवर, एकाने तर मोबाइलचा टॉवर दाखवला होता. उत्तर गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने सोळाशे चाळीसच्या दशकात शोधलं. हवा पारा ७६ सेंटिमीटर चढवते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून पाणी चढतं सुमारे १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट. आपण समुद्रापासून पाच-सहाशे मीटर उंचावर, त्यामुळे इथे थोडं कमीच. प्रत्यक्ष मोटारीला वीस-पंचवीस फूट मिळाले तरी पुष्कळ. चारशे-पाचशे फुटांच्या बोअरमधून वरून ओढून पाणी येणं शक्यच नाही, ते खालून ढकलावं लागतं. हा हिशेब फळ्यावर झाला की दुसऱ्या दिवशी दोन-चार वडीलमंडळी शाळेत येऊन मलाच प्रश्न विचारतात. पारा मात्र हाताळू नका, तो विषारी असतो. त्याची गोष्ट सांगितली तरी पुरते.

घनता शिकवायची असेल तर अंडं आणि मीठ आहेच, पण बाजरी जास्त चांगली. कणसावर पडणाऱ्या अरगट या बुरशीच्या रोगासाठी बियाणं पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ टाकून त्यात बुडवायचं हे बाजरीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला माहीत असतं. रोगट, हलकं बी वर तरंगतं, निरोगी तळाला बसतं. साध्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात तीच मूठ टाकून बघायची. तरफेसाठी पहार, अडकित्ता, चिमटा. त्यावर फार लिहीत नाही, ते कुणालाही जमतं.

आमच्या एका खोलीवर पत्रे आहेत. पावसाळ्यात गळतात, दुरुस्तीचा प्रस्ताव मीच लिहून दिलाय, तरी एक भोक ठेवा असं मनातून वाटतं. दुपारी खोली अंधारी केली की त्या भोकातून फरशीवर उन्हाचा गोल पडतो. भोकावर त्रिकोणी चीर पाडलेला पुठ्ठा धरला तर? सगळे "त्रिकोण" लिहितात. चीर बारीक असली तर पडतो गोलच, कारण ते सूर्याचं चित्र आहे. गोलाभोवती खडूने रेघ मारून नुसतं बसायचं. दोन मिनिटांत गोल आपल्याच रुंदीइतका सरकून रेघेबाहेर जातो. पृथ्वी फिरते हे पाठ असलेली लेकरं तेव्हा पहिल्यांदा फरशीकडे बघत गप्प होतात, आणि आमच्या वर्गात हे सहजी होत नाही. पत्र्यापासून गोलापर्यंत तीन मीटर असेल तर गोल साधारण २.८ सेंटिमीटरचा भरतो. भागाकार केला की सुमारे १०७ येतात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर, त्याला १०७ ने भागलं की चौदा लाख किलोमीटर. पत्र्याच्या भोकातून सूर्याचा व्यास.

मला न आवडणारं एक सांगून टाकते: विज्ञान प्रदर्शनातला सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी. त्यात ज्वालामुखीही नाही आणि विज्ञानही फारसं नाही.

वेळ कुठून आणता, हा पुढचा प्रश्न असतो. सगळेच पाठ असे घेत नाही. एका सत्रात तीन-चार, तेही नीट. आणि एक सुट्टीसाठी ठेवते, कारण शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, आपल्याकडे नेमका मे महिन्यात येतो: लातूरला १३-१४ मे, नांदेडला १६-१७, संभाजीनगरला १९-२०. जुलैच्या शेवटी तो परत येतो, पण तेव्हा ढग असतात. लेकरांनी अंगणात उभी वस्तू ठेवायची आणि सावली किती वाजता नाहीशी होईल ते आधी लिहायचं. सगळे बारा लिहितात. सावली जाते बारा वीस-पंचवीसला, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आणि आपण ७५ ते ७८ च्या मध्ये, दर अंशाला चार मिनिटं. सरळ बाजूंची बाटली, डबा काहीही चालतं, कळशी मात्र नको, तिच्या फुगीर पोटाची सावली बुडाभोवती राहते. फक्त वस्तू ओळंब्याला उभी आहे ना हे दोरा-दगड धरून तपासा, तिरकी असेल तर सावली शेवटपर्यंत जात नाही.