हडर्सफील्डमधला तिसरा गोल

मँचेस्टरहून निघालेली गाडी पेनाइन डोंगररांगेतला स्टँडेजचा लांबलचक बोगदा पार करून यॉर्कशरमध्ये शिरली आणि थोड्याच वेळात हडर्सफील्ड आले. स्थानकासमोरच्या चौकात माजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचा पुतळा आहे. ते याच गावचे आणि येथील फुटबॉल संघाचे चाहते. मी मात्र लीड्स रोडच्या दिशेने निघालो. ज्या मैदानावर हा संघ 1994 पर्यंत खेळला, तेथे आता मोठमोठी दुकाने आणि वाहनतळ आहे. मैदानाचा मध्यबिंदू दाखवणारी एक लहानशी पाटी तेवढी उरली आहे.

1919 मध्ये पैशांअभावी हा क्लब लीड्सला हलवण्याचे घाटत होते; गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो राखला. पुढे हर्बर्ट चॅपमन व्यवस्थापक झाले आणि 1923-24 च्या हंगामात संघ इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधील पहिल्या विभागाच्या विजेतेपदाच्या दारात येऊन उभा राहिला. शेवटच्या दिवशी, 3 मे 1924 रोजी, त्याच लीगमध्ये खेळणारा वेल्समधला कार्डिफ सिटी एका गुणाने पुढे होता. त्यांचा बर्मिंगहॅममधला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि त्यात कार्डिफच्या लेन डेव्हिस यांची पेनल्टी वाया गेली. इकडे लीड्स रोडवर हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला 3-0 असे हरवले. विजयाला तेव्हा दोनच गुण मिळत, त्यामुळे दोन्ही संघांचे 57 गुण झाले आणि निकाल गोल सरासरीवर, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून, ठरला.

हा भागाकार मी त्या पाटीशेजारी उभा राहून पुन्हा करून पाहिला. हडर्सफील्डचे 60 भागिले 33, म्हणजे 1.818, कार्डिफचे 61 भागिले 34, म्हणजे 1.794. सामना 2-0 असा संपला असता तर हडर्सफील्डची सरासरी 1.788 वर अडकून विजेतेपद वेल्समध्ये गेले असते. आजच्यासारखा गोलफरक मोजला असता तरी तो दोघांचाही 27 भरतो आणि जास्त गोलांमुळे कार्डिफच वरचढ ठरतो. कार्डिफला ते विजेतेपद आजतागायत मिळालेले नाही. हडर्सफील्डने मात्र 1925 आणि 1926 मध्येही ते राखले, तिसऱ्या वेळी तर चॅपमन आर्सेनलला निघून गेल्यावर.

मी पाटीचे छायाचित्र घेत असताना एका मोटारवाल्याने हॉर्न वाजवला. त्याला तेथेच गाडी लावायची होती.