तिसरी टाकी

नागपूरच्या माणसाला मे महिन्यात दोन टाक्यांची काळजी असते. एक गच्चीवरची, दुसरी कूलरची. नळ किती वाजता येणार, मोटर कधी लावायची, रात्री कूलर कोरडा पडला तर उठून कोण भरणार, हेच तेव्हाचे खरे घरगुती वाद. आमच्याकडे आता तिसरी टाकी आली आहे, आणि ती वांग्याच्या झाडाखाली आहे.

सेल्फ वॉटरिंग कुंडी म्हणतात तिला. नाव भारदस्त, आतली गंमत साधी. कुंडीला दोन मजले. खाली पाणी, वर माती, मधे भोकांची चाळणी. चाळणीतून एक वात खाली पाण्यात सोडलेली. समईत तेल चढतं तसं पाणी तिच्यातून वर चढतं. माती ओली असली की चढणं मंदावतं, मुळांनी ओढलं की पुन्हा सुरू. बाजूनं एक पाइप, पाणी भरायला. टाकीच्या वरच्या कडेला एक भोक, जास्तीचं बाहेर जायला. तयार कुंड्या मिळतात, पण रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या एकात एक बसवूनही भागतं.

वात मात्र कापसाची नको. हे लिहिताना जरा जिवावर येतं. जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल काढली ती याच गावात, केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच गावात, आणि कुंडीत घालायची ती नायलॉनची दोरी! पण सतत ओलीत राहून कापूस कुजतो, त्याला इलाज नाही.

दुसरा अपमान आपल्या काळ्या मातीचा. शेतात ती सोनं आहे. पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या कुंडीत खालून अखंड पाणी मिळालं की तिचा निव्वळ चिखल होतो आणि मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, गांडूळखत, आणि भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून निघणारं धानाचं तूस, असं हलकं मिश्रण भरायचं. शेतकरी पाहुणा आला की तो मूठभर उचलून बघतो आणि विचारतो, "माती कुठी हाये यात?"

मला या कुंडीचं कौतुक पाणी वाचतं म्हणून कमी आणि ती आपल्या हातातला कारभार काढून घेते म्हणून जास्त आहे. आपण झाडाला पाणी देतो ते आपल्या सोयीनं. सकाळी घाई असली की अर्धा मग, रविवारी अपराधी वाटलं की अख्खी बादली. टमाटरला हे लगेच बाधतं. पाण्याचा ताल बिघडला की कॅल्शियम फळापर्यंत नीट पोचत नाही आणि बुडाशी काळा डाग धरतो. इथं मात्र किती प्यायचं ते झाड ठरवतं. पाइपमध्ये थर्माकोलच्या तुकड्यावर खोचलेली लाल काडी आहे. थंडीत ती कितीतरी दिवस जागची हलत नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, सकाळी वर दिसलेली काडी दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर खाली गेलेली असते. हवामान खात्याचा आकडा मी पेपरात वाचतो, पण ऊन किती तापलं ते मला काडीवरून जास्त पटतं.

अर्थात टाकी असली म्हणून मे महिना जिंकता येत नाही. २३ मे २०१३ ला या गावानं ४७.९ अंश पाहिलेत. अशा उन्हात टमाटरचे परागच निकामी होतात. मुळाशी पाणी असूनही फूल गळतं. सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, लगेच तुरे येतात. तेव्हा टमाटर, पालक, मेथी, सांभार दिवाळीच्या आसपास, आणि उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली भेंडी, गवार, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा. वांगं आपलं बाराही महिने तक्रार न करणारं. कुंडीला पोतं गुंडाळायचं, नाहीतर टाकीतलं पाणीच तापतं. पावसाळ्यात ते वरचं भोक बुजलं नाही ना हे बघायचं आणि पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधायची. डासाला कूलरची टाकी काय आणि वांग्याची काय.

आईला हा सगळा प्रकार मान्य नाही. झाडाच्या मुळाशी डोळ्यांदेखत पाणी मुरताना दिसलं नाही तर तिच्या लेखी झाड उपाशीच. "तहानलं असंन ते," म्हणत ती पाण्याचा मग घेऊन निघते. मी वात समजावून सांगितली, काडी दाखवली. काही उपयोग नाही.

आणि इथं विज्ञान तिच्या बाजूनं गेलं. पाणी सतत खालूनच वर येतं तेव्हा खतातले आणि पाण्यातले क्षार मातीच्या माथ्याशी साचतात. पांढरी पापडी धरते. ती धुवायला अधूनमधून वरून भरपूर पाणी ओतून भोकातून वाहून जाऊ द्यावं लागतं. ते काम आता रीतसर आईकडे आहे. अधूनमधून म्हणजे महिन्यातून एकदा, असं मी सांगून ठेवलंय. तिनं ते ऐकून घेतलंय, एवढंच.