वजनाच्या पिशव्या घरी शिवा, हवेचं सामान मात्र नको

स्कुबाचं, म्हणजे सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहण्याचं सामान घरी करायचं म्हटलं की पहिला डोळा रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडाशी देणाऱ्या यंत्रावर जातो. त्याच्या वाटेला जाऊ नका. १० मीटर खोलीवर दाब पाण्याबाहेरच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटतं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवाही नको. तिच्यात तेलाची वाफ असते.

बुडी मारता यावी म्हणून कमरेच्या पट्ट्यात ओवतात त्या वजनाच्या पिशव्या मात्र जरूर शिवा. शिशाचा ठोकळा कमरेच्या हाडाला टोचतो, छऱ्यांची पिशवी अंगासरशी बसते.

एका पिशवीत १ किलो, ३ मिलिमीटरचे शिशाचे छर्रे. वाळू भरून भागत नाही: समुद्रात १ किलो शिसं सुमारे ९१० ग्रॅम भरतं, वाळू जेमतेम ६१०. लोखंडी छर्रे गंजतात. शिसं घरी वितळवून ओतायचा मोह टाळा. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तरी वाफेने तापलेलं शिसं अंगावर उडतं, आणि धूर विषारी असतो.

कापड जाड नायलॉनचं, बॅगवाले वापरतात ते. १७ × १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. दीड सेंटिमीटर शिलाईत गेलं की १४ × ९ ची पिशवी उरते. छर्रे साधारण १५० मिलिलिटर जागा घेतात, म्हणजे पिशवी निम्म्याहून थोडी जास्त भरते. हेच हवं. गच्च भरली की तिचा गोळा होतो आणि पट्ट्यावर लोळते.

पाठीमागच्या तुकड्यावर आधी, पिशवी बंद करण्यापूर्वी, अडीच सेंटिमीटर रुंदीच्या नायलॉन पट्टीचे दोन उभे बंद लावा. प्रत्येक तुकडा १० सेंटिमीटर लांब. दोन्ही टोकांना २-२ सेंटिमीटर चौकोनात फुली मारून शिवा, मधे ६ मोकळे ठेवा. ५ सेंटिमीटरचा पट्टा त्यातून जरा अडकत सरकतो, त्यामुळे पिशवी जागची हलत नाही. सुई १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो.

छर्रे आधी खिडकीच्या नायलॉन जाळीच्या आतल्या पिशवीत भरा. बाहेरच्या कापडाला खालच्या कोपऱ्यात दोन भोकं ठेवून रिंगा ठोका. या कापडाला आतून लेप असतो. भोकं नसतील तर हवा कोंडते आणि पिशवी स्वतःच तरंगायला बघते. कमरेचं बक्कल मात्र विकतचंच घ्या, एका हाताने झटक्यात सुटणारं. गाठ कधीच नको.

वजन किती हे सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना ठरवा. हवा भरून तरंगायचं जॅकेट रिकामं, श्वास साधा रोखलेला: पाणी डोळ्यांपर्यंत यावं आणि श्वास सोडताच तुम्ही बुडावं. भरलेल्या सिलिंडरने तपासणार असाल तर २ किलो वाढवा. ११ लिटरच्या सिलिंडरमधून २०० बारपासून ५० बारपर्यंत तेवढ्या वजनाची हवा वापरली जाते. गोड्या पाण्यात ठरवलेलं वजन मालवणच्या समुद्रात कमी पडेल: सामानासह १०० किलो भरणाऱ्याला तिथे अडीच किलो जास्त लागतं.

नव्या पिशव्या बादलीत धुतल्या की पाणी करडं होतं. ते शिसं आहे. ती बादली वेगळी ठेवा, पोरांचे हात तिला लागू देऊ नका.