सुवर्णभूमीवर उतरल्यावर: बँकॉक शहरात आगाऊ ठरवलेल्या गाडीने जाताना

बँकॉकला निघालेली ओळखीची माणसं हल्ली हमखास विचारतात, विमानतळावरून हॉटेलला जायला गाडी इथूनच बुक करावी की तिथे उतरून बघावं? माझं उत्तर आधी ‘कोण कोण जाताय?’ असं असतं. दोघंच असाल, पाठीला सॅक असेल आणि विमान दिवसाउजेडी पोचत असेल, तर गाडीचा विचारही करू नका. सरळ तळघरातल्या बी मजल्यावर उतरा आणि एअरपोर्ट रेल लिंक पकडा. ४५ बातमध्ये (बात म्हणजे थायलंडचं चलन) अर्ध्या तासाच्या आत शहरातल्या फाया थाई स्टेशनला पोचाल. तिथून बीटीएस, म्हणजे शहरातली उन्नत मेट्रो. वाटेत मक्कासनला उतरलात तर जवळच एमआरटीचं, म्हणजे भुयारी मेट्रोचं, फेट्चबुरी स्टेशन आहे. पहाटे साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत गाड्या असतात.

आम्ही मात्र सहा जण होतो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. शिवाय चार मोठ्या बॅगा, खांद्यावरचं सामान आणि आईची खाऊची पिशवी, जी ती कुणाच्याही हातात देत नाही. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं आणि पहाटे उतरणारं विमान. अशा वरातीला शहरापर्यंतचे तीसेक किलोमीटर हा प्रवासातला सगळ्यात चिडचिडा भाग ठरू शकतो, म्हणून व्हॅन आधीच ठरवली होती.

पैशांचं आधी सांगून टाकतो. व्हॅनला आम्हाला चौदाशे बातच्या आसपास पडले, टोल धरून. मीटरची टॅक्सी शहरातल्या सुखुमवित भागापर्यंत साधारण साडेतीनशे ते साडेचारशे बात घेते. त्यात मीटर, विमानतळाचे ५० बात आणि एक्स्प्रेसवेचा टोल, जो प्रवाशाने वाटेतच रोख द्यायचा असतो, असं सगळं आलं. म्हणजे दोन टॅक्सी केल्या असत्या तरी आठ-नऊशेत भागलं असतं. वरचे पाचशे बात कशाचे, तर सहाही जण एका गाडीत बसण्याचे. आई-बाबा एका टॅक्सीत, आम्ही दुसरीत, भाषा येत नाही आणि हॉटेल कुठल्या गल्लीत ते कुणालाच ठाऊक नाही, हा खेळ पहाटे खेळायची माझी तयारी नव्हती.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना तिथे पोचल्यावरच कळते. बँकॉकच्या बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसचं नळकांडं असतं, अगदी आपल्या काळ्या-पिवळीसारखं. फरक इतकाच की वर कॅरिअर नसतं. त्यामुळे चार माणसं बसू शकतात या हिशेबाने सेडान घेतलीत, तर दोन मोठ्या बॅगांनंतर तिसरी कुणाच्या तरी मांडीवर येते. खासगी सेडान बुक करतानाही ‘प्रवासी ४, बॅगा २’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माणसं मोजून गाडी निवडू नका, बॅगा मोजून निवडा. चार जण आणि चार मोठ्या बॅगा असतील तर व्हॅनच घ्या.

आता बुकिंगचं. खरी मेख तिथेच आहे. गाडी चांगली की वाईट हे आपल्या हातात नसतं, पण फॉर्म नीट भरणं असतं.

पहिली गोष्ट विमानतळाची. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना, आणि स्वस्त विमानसेवांपैकी काही डॉन मुआंगला उतरतात. तिकिटावर बीकेके असेल तर सुवर्णभूमी, डीएमके असेल तर डॉन मुआंग. यादीत जे नाव वर दिसेल ते टिचकवून मोकळे होऊ नका.

दुसरी तारखेची. आपल्याकडून रात्री उशिरा सुटणारी विमानं दुसऱ्या दिवशी पहाटे पोचतात, शिवाय थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. आपण घरात ‘शुक्रवारी रात्री निघतोय’ म्हणतो. विमान साडेबाराला सुटणार असेल तर तिकिटावर मुळातच शनिवार असतो. फॉर्ममध्ये उतरण्याची तारीख आणि तिथली वेळ भरायची असते. चोवीस तास आधी आलेला ड्रायव्हर तुमची वाट पाहून निघून जातो, आणि त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

तिसरी, विमानाचा नंबर. नंबर दिला की गाडीवाले विमानावर नजर ठेवतात आणि उशीर झाला तर त्यांचं वेळापत्रक आपोआप सरकतं. वेगवेगळ्या दोन विमानांनी येत असाल तर शेवटच्या विमानाचा नंबर द्या, मुंबईहून सुटणाऱ्या पहिल्याचा नको. त्याच जोडीने ‘मोफत थांबण्याची वेळ’ वाचा. कुणी साठ मिनिटं देतं, कुणी नव्वद. विमान प्रत्यक्ष टेकल्यापासून मोजतात की वेळापत्रकातल्या वेळेपासून, हे बघणं जास्त महत्त्वाचं. इमिग्रेशनची रांग कधी वीस मिनिटांत संपते, कधी तास खाते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या सॅटेलाइट इमारतीशी तुमचं विमान लागलं, तर तिथून मुख्य इमारतीत यायला विनाचालक छोटी ट्रेन आहे. मुलांची मजा होते, पण वेळ जातोच. साठ मिनिटंवाला पर्याय दोनशे रुपयांनी स्वस्त दिसला म्हणून घेऊ नये असं माझं मत.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्डही इथूनच भरून निघा. मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. आमच्या पुढच्या रांगेत एक कुटुंब तिथेच उभं राहून सहा जणांची माहिती मोबाइलवर भरत होतं. तोवर त्यांच्या मागची सगळी रांग पुढे निघून गेली.

आईसाठी व्हीलचेअर सांगितली होती. ज्यांच्या घरात गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. मात्र व्हीलचेअरबरोबर सहसा एकालाच वेगळ्या रांगेतून सोडतात, बाकीच्यांनी नेहमीच्या रांगेत उभं राहायचं. आई-बाबा पुढे गेले आणि आम्ही मागे. म्हणून आधीच ठरवलं होतं की जो आधी पोचेल त्याने सामानाच्या बेल्टपाशी थांबायचं, दाराबाहेर जायचं नाही. एकदा बाहेर पडलं की आत येता येत नाही. पासपोर्ट, हॉटेलचा पत्ता आणि थोडे बात बाबांच्याही खिशात ठेवले होते.

बाहेर पडतो तो दुसरा मजला. इथे जरा गोंधळ होतो. दारातून निघताच टॅक्सी लागेल का विचारणारी माणसं भेटतात, विमानतळाच्या लिमोझिन सेवेचे काउंटरही दिसतात. लिमोझिन अधिकृत आहे, पण महाग. बाकीच्यांना मान हलवून नाही म्हणा आणि चालू लागा. आपल्या व्हाउचरवर दाराचा नंबर लिहिलेला असतो. आमचा तीन नंबरच्या दाराजवळचा मीटिंग पॉइंट होता. तिथे पाट्यांचं जंगल असतं. मी ‘आपल्या नावाची पाटी धरलेला ड्रायव्हर’ शोधत होतो, आणि तिथे उभी होती टॅब घेतलेली एक मुलगी, कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट घातलेली. तिच्या यादीत आमचं नाव आडनाव आधी आणि नाव नंतर असं होतं. तिने व्हाउचर तपासलं, माणसं मोजली, बॅगा मोजल्या, आम्हा सगळ्यांचा सामानासकट एक फोटो काढला (प्रवासी भेटले याचा पुरावा) आणि फोन लावला. गाडी पार्किंगमधून यायला दहा मिनिटं लागली. दारापाशी गाड्यांना थांबून राहू देत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हर आधीपासून तिथे उभा असेल ही अपेक्षाच ठेवू नका. आई-बाबांना बसायला जागा बघून द्या आणि मग फोन लावायला सांगा.

व्हॉट्सअॅपवर आपण विसंबून असतो. थायलंडमध्ये मात्र लोक लाइन नावाचं अॅप वापरतात. बुकिंग करणारी कंपनी व्हॉट्सअॅपवर उत्तर देते, प्रत्यक्ष ड्रायव्हर देईलच असं नाही. निघण्यापूर्वी लाइन टाकून ठेवलं तर बरं. विमानतळावर मोफत वायफाय आहे. तरी बाहेर उभं राहून ते जोडत बसण्यापेक्षा ई-सिम किंवा रोमिंग आधीच सुरू असलेलं चांगलं. मीटिंग पॉइंटचा कंपनीने पाठवलेला फोटो मोबाइलमध्ये साठवून ठेवा, तो नेट नसतानाही उघडतो.

चलनाचं एक. सामानाच्या बेल्टजवळ आणि बाहेर पडल्यावर दिसणाऱ्या काउंटरवर भाव मार पडणारे असतात. बी मजल्यावर, रेल लिंकच्या आसपास जे काउंटर आहेत तिथला दर बराच चांगला. आम्ही गाडीची वाट बघत असताना मी खाली जाऊन आलो. टोल व्हॅनच्या दरातच धरला असल्यामुळे खरं तर लगेच रोख लागणार नव्हती, पण बुकिंगच्या वेळी तुमच्या दरात तो धरला आहे का, हे नक्की बघा. नसेल तर साधारण ७५ बात सुटे हाताशी ठेवा, दोन नाक्यांचे मिळून.

गाडीत बसल्यावर पट्टे लावायचे, मागच्या सीटवरही. तिथे २०२२ पासून तो कायदाच आहे. बाबांना हे फारसं पटलं नाही, पण ड्रायव्हर मान मागे वळवून हसत थांबला तेव्हा त्यांनी लावला.

आता पत्त्याविषयी थोडं सविस्तर, कारण इथे अर्धा तास सहज जातो. सुखुमवित हा एकच लांबलचक रस्ता आहे आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना सोई म्हणतात. विषम नंबर एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला. अकराच्या समोर बारा असेल असं वाटतं, तसं नाही. पुढे पुढे तर हा हिशेब पार सुटतो आणि त्रेसष्ट नंबरच्या सोईसमोर बेचाळीस येते. मध्ये दुभाजक, आणि वळायला जागा बरीच पुढे. त्यात मोठ्या हॉटेलांच्या एकाच नावाच्या तीन-चार शाखा. हॉटेलचं नुसतं नाव न देता सोईचा नंबर आणि हॉटेलचा फोन नंबर फॉर्ममध्ये लिहा, आणि थाई लिपीतला पत्ता मोबाइलवर ठेवा. हॉटेलला मेल केला की ते पाठवतात. आमच्या ड्रायव्हरने नकाशा बाजूला ठेवला, थाई पत्ता वाचला, हॉटेलला फोन केला आणि मागच्या दाराने पोर्चमध्ये गाडी घातली.

पहाटे उतरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की खोली दुपारी दोनलाच मिळते. साडेसहाला उतरून आठला हॉटेलच्या लॉबीत पोचलात तर पुढचे सहा तास म्हातारी माणसं कुठे बसणार? आम्ही हॉटेलला आधी मेल करून अर्ध्या दिवसाचे पैसे भरून खोली लवकर मागितली होती. ते परवडत नसेल तर गाडी साडेआठ-नऊची ठरवा आणि विमानतळाच्या पहिल्या मजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी म्हणून सुरू झालेलं स्वस्त फूड कोर्ट आहे, तिथे चहा-नाश्ता उरका. अर्थात त्या वेळेला शहरात शिरणाऱ्यांची गर्दी भेटते. आम्ही सातला निघालो तरी एक्स्प्रेसवेवरून उतरल्यावरचे शेवटचे तीन किलोमीटर रांगत गेलो.

पट्टायाही करणार असाल तर थोडा उलटा विचार करा. पट्टाया सुवर्णभूमीपासून आग्नेयेला सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि शहर पश्चिमेला. आधी बँकॉकला जाऊन मग पट्टायाला निघालात तर विमानतळाच्या दिशेनेच परत यावं लागतं. उतरल्या उतरल्या थेट पट्टायाची व्हॅन घ्या, दोन तासांत पोचता. बँकॉक परतताना करा.

मीटरची टॅक्सी घ्यायची ठरलीच, तर पहिल्या मजल्यावर मशीनमधून चिठ्ठी निघते, तिच्यावर टॅक्सी उभी असते त्या जागेचा नंबर असतो. त्या नंबरवरची गाडी तुमची. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका, सामान विसरलं किंवा तक्रार करायची झाली तर तीच कामी येते. मीटर नको, ठरवून पैसे द्या, असं कुणी म्हणालं तर उतरा. ग्रॅब आणि बोल्ट दोन्ही अॅपं चालतात, बोल्ट बहुधा थोडं स्वस्त पडतं, पण मोठी गाडी पहाटे लगेच मिळेल याचा भरवसा नाही.

परतीची गाडी त्याच कंपनीकडे घेतली तर सूट मिळते, मात्र ड्रायव्हर तोच येईल असं नाही. परतीला ड्रायव्हरने चौथ्या मजल्यावर सोडायचं असतं, प्रस्थान तिथून. संध्याकाळचं विमान असेल, विशेषतः शुक्रवारी आणि पाऊस असेल तर, सुखुमवितहून निघायची वेळ विमानाच्या चार तास आधीची सांगा. हॉटेलचं बिल आदल्या रात्रीच भरून ठेवा, कारण लॉबीत रांग लागली तर तुमच्या गाडीची मोफत थांबण्याची वेळ परतीला पंधरा-वीस मिनिटांचीच असते.