एकमेकांची वाट पाहणं

रविवार, जूनचा शेवटचा आठवडा. वसई.

पहाटेपासून धो धो पाऊस. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, पाचूबंदरचे कोळी बांधव घरच्या सगळ्यांसकट आले होते. चर्च गच्च भरलं, तरी गडबड नव्हती. ओल्या छत्र्या बाहेर ठेवायच्या, पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करायची, बाकावर बसण्याआधी वेदीसमोर गुडघा टेकायचा. गुडघे दुखणारी म्हातारी माणसंसुद्धा तेवढं चुकवत नाहीत.

मे महिन्यात एका चर्चमध्ये मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा, सोहळा पाहिला. दोन फोटोग्राफर वेदीच्या पायऱ्यांवर, मागून आईबापांचे मोबाइल उंचावलेले. मुलं फादरांकडे बघायचं सोडून कॅमेऱ्याकडे बघत होती. ज्या क्षणासाठी त्यांना वर्षभर शिकवलं, तो त्यांच्या हातून आपणच काढून घेतला. अजून ते मनातून जात नाही.

भाचा म्हणतो, मावशी, मनात भक्ती असली की पुरे, ही उठबस कशाला? प्रश्न तो मनापासून विचारतो, म्हणून दुपारी बायबलमधलं संत पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पुन्हा वाचलं. 'सगळं शिस्तीने होऊ द्या' हे चौदाव्या अध्यायातलं वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या आधी पौल काय सांगतो? एकजण बोलत असताना दुसऱ्याला काही सुचलं, तर पहिल्याने गप्प बसावं. अन्य भाषेत बोलणाऱ्याने, अर्थ सांगणारा कोणी नसेल तर, मंडळीत बोलू नये. आणि अकराव्या अध्यायात तर तो चिडलाच आहे. प्रभुभोजनाला जमलेले काहीजण आधीच खाऊन-पिऊन घेत, गरीब उपाशी राहत. तिथे तो सांगतो, एकमेकांची वाट पाहा. म्हणजे ही शिस्त शेजारी बसलेल्यासाठी आहे. मागच्या बाकावरच्या माणसालाही वाचन ऐकू यावं, त्याचीही प्रार्थना व्हावी, यासाठी आहे.

भाऊ गेला त्या महिन्यात मला प्रार्थना करताच येत नव्हती. ओठ हलत नसत. तरी मी जायचे. सगळे उठले की उठायचे, गुडघे टेकले की टेकायचे. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' शेजारच्या बाया म्हणायच्या आणि मी त्यांच्या आवाजात उभी असायचे. त्या दिवसांत कोणी मला 'मनातलं बोल' म्हटलं असतं, तर मी चर्चची पायरी चढले नसते. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम होता म्हणून मी टिकले. भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही, सांगायला हवं.

४ डिसेंबर १९६३ ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लॅटिनऐवजी लोकभाषेतल्या मिस्साची वाट मोकळी झाली. लोकांनी प्रतिसाद द्यावा, गावं, हे त्यात आहेच, पण योग्य वेळी आदराने शांत राहावं, हेही त्याच परिच्छेदात आहे. गाणं आपण उत्साहाने उचललं. शांततेचं मात्र, ख्रिस्तप्रसादानंतर दोन मिनिटं मिळाली की कोणीतरी माइकवर सूचना सुरू करतं!

लेकरांच्या रडण्याला मात्र मी अनादर म्हणणार नाही. त्यांच्या आयांकडे वळून डोळे वटारणाऱ्यांचं मला जास्त वाईट वाटतं.

पुढच्या रविवारी मिस्सातलं बायबलचं दुसरं वाचन कॉलेजातल्या एका मुलीकडे आहे. पहिल्यांदाच वाचणार आहे. शनिवारी संध्याकाळी तिला चर्चमध्येच बोलावलंय. उतारा आधी घरी तीनदा वाच, वाचनपीठाकडे जाताना घाई करू नकोस, लोक बसेपर्यंत थांब आणि मगच सुरुवात कर, एवढं सांगेन. सूचना मिस्सा संपल्यावर देता येतील का, हेही फादरांना त्याच वेळी विचारून घेईन.